एक शेगडी, दोन लिटरचा कुकर आणि कोरडा शिधा: कॅम्पिंगच्या स्वयंपाकाचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही घरच्यांनी कॅम्पिंगसाठी स्वयंपाकाचा एक छोटा संच जमवला. ब्युटेनच्या कॅनवर चालणारी एका बर्नरची पसरट गॅस शेगडी, दोन लिटरचा ॲल्युमिनियमचा प्रेशर कुकर, वीतभर व्यासाचा बिडाचा तवा आणि तशीच लहानशी बिडाची कढई, एवढाच त्याचा पसारा आहे. तेव्हापासून भंडारदऱ्याचा जलाशय, इगतपुरीजवळचा वैतरणेचा परिसर, पालघर आणि अलिबागकडचे किनारे अशा ठिकाणी हा संच आमच्याबरोबर फिरला असून थंडी, उन्हाळा आणि वळवाचा पाऊस या तिन्हींत त्यावर स्वयंपाक झाला आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. तंबूबाहेर चवदार आणि वेगळे काही शिजवायचे असेल, तर शेगडीपेक्षा कुकर महत्त्वाचा ठरतो, आणि कुकरपेक्षाही महत्त्वाचा ठरतो तो आपल्या घराच्या फडताळात आधीपासून असलेला कोरडा शिधा. मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक मंडळींचे कॅम्पिंगचे जेवण झटपट नूडल्स आणि कोळशावरच्या बार्बेक्यूवर थांबते, ते थांबण्याचे काही कारण नाही, हे सांगण्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

शेगडी कोणत्या कंपनीची आहे हे मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकारच्या शेगड्यांची रचना जवळपास सारखीच असते. सुमारे २२५ ग्रॅम गॅसचा लांबट कॅन शेगडीच्या उजव्या कप्प्यात आडवा ठेवायचा, त्याच्या गळ्यावरची खाच वरच्या बाजूला येईल अशी जुळवायची आणि दांडी खाली दाबून तो अडकवायचा. ही खाच वर असणे आवश्यक आहे, कारण तरच कॅनमधून द्रवाऐवजी वायू बाहेर येतो. खाच चुकीच्या बाजूला आली तर द्रव गॅस बर्नरपर्यंत पोहोचून भडका उडू शकतो. पूर्ण आचेवर एक कॅन साधारण दीड तास चालतो आणि वारा नसेल तर लिटरभर पाणी पाच-सहा मिनिटांत उकळते. हा गॅस मात्र घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तुलनेत वजनामागे कितीतरी पट महाग पडतो. त्यामुळे इंधन वाचवणे हा या स्वयंपाकाचा पहिला नियमच होऊन बसतो, आणि कुकरचे महत्त्व तिथूनच सुरू होते.

त्याआधी मुंबईकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. गॅसचा कॅन घेऊन लोकलने किंवा कोणत्याही रेल्वेगाडीने प्रवास करता येत नाही. कसाऱ्याची लोकल पकडून पुढे जीपने भंडारदऱ्याला जाणे हा आपल्याकडचा नेहमीचा आणि स्वस्त मार्ग आहे, पण रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार अशा धोकादायक वस्तू गाडीत नेणे हा गुन्हा असून त्यासाठी कैद आणि दंड या दोन्हींची तरतूद आहे. सकाळच्या गर्दीने भरलेल्या डब्यात एखादा कॅन गळू लागला तर काय होईल याची कल्पना केली, म्हणजे हा नियम किती रास्त आहे ते पटते. विमानातही असा कॅन हातातल्या किंवा चेक-इन केलेल्या सामानात चालत नाही. त्यामुळे शेगडी न्यायची तर स्वतःच्या किंवा भाड्याच्या मोटारीनेच जावे लागते. मोटारीतही काळजी घ्यावी लागते, कारण कॅनवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये अशी सूचना असते आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतले तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. आम्ही वाटेत जेवायला थांबलो की कॅनची पिशवी खाली उतरवून सावलीत, नजरेसमोर ठेवतो.

वाऱ्यात या शेगडीची खरी परीक्षा होते आणि त्या परीक्षेत तिला जेमतेम उत्तीर्ण म्हणता येईल. पालघरच्या किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की ज्योत एका बाजूला कलते, भांड्याचा अर्धा तळ थंड राहतो आणि पाणी उकळायला दुप्पट वेळ लागतो. यावर उपाय आडोशाचा आहे, पण तो बर्नरच्या बाजूनेच असावा आणि शेगडीपासून थोडा दूर असावा. संपूर्ण शेगडीभोवती पत्रा गुंडाळल्यास उष्णता कोंडून कॅन तापतो. चांगल्या शेगडीत दाब वाढल्यावर कॅन आपोआप सुटण्याची सोय असते, तरीही तिच्या भरवशावर राहू नये. मोठा तवा किंवा पातेले वापरण्यातही हाच धोका आहे. भांड्याची कड कॅनच्या कप्प्यावर आली की खालून परतणारी उष्णता थेट कॅनवर जाते. आमचा तवा वीतभरच असण्याचे कारण हेच आहे.

थंडीतली अडचण वेगळी आहे. ब्युटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे अर्धा अंश सेल्सिअस आहे, म्हणजे तापमान शून्याच्या जवळ जाईल तसा कॅनमधला दाब जवळपास नाहीसा होतो. भंडारदऱ्याला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एवढी थंडी नसली, तरी पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, आणि द्रवाचा वायू होताना कॅन स्वतःही गार होत जात असल्यामुळे सुरुवातीला जोरात असलेली ज्योत दहा मिनिटांत मरगळते. अशा वेळी कॅनच्या पृष्ठभागावर दव साचलेले दिसते. आम्ही रात्री दोन कॅन अंथरुणाजवळ कापडात गुंडाळून ठेवतो आणि सकाळी चहा व नाश्ता करताना आलटून पालटून वापरतो, एवढ्याने काम भागते. कॅन आगीजवळ धरून किंवा उकळत्या पाण्यात बुडवून गरम करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

कुकरबद्दल मी अधिक उत्साहाने लिहू शकतो. कॅम्पिंगच्या सामानाच्या याद्यांमध्ये कुकर सहसा दिसत नाही, कारण त्या याद्या बहुधा अशा देशांतल्या सवयींवरून तयार झालेल्या असतात जिथे रोजच्या जेवणात डाळ-भात नसतो. आपल्याला मात्र डाळ शिजवायची असते. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाऊण तास घेणारी तूरडाळ काही शिट्ट्यांत मऊ होते. उंचीचा परिणाम सह्याद्रीत फारसा जाणवत नाही. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीवरही पाणी ९४-९५ अंशांच्या आसपास उकळते. लडाख-स्पितीकडे साडेतीन हजार मीटरवर मात्र ते ८८ अंशांच्या जवळ उकळते आणि तिथे कुकरशिवाय डाळ शिजणे अवघडच आहे. आपल्याकडे कुकरचा खरा फायदा इंधनाचा आणि वेळेचा आहे. पहिली शिट्टी झाली की आम्ही आच अगदी मंद करतो, थोड्या वेळाने शेगडी बंद करतो आणि कुकर जाड चादरीत गुंडाळून ठेवतो. आत साठलेल्या उष्णतेत उरलेले शिजणे पूर्ण होते आणि तासाभराने उघडला तरी भात वाफाळलेला असतो.

ही गुंडाळून ठेवण्याची युक्ती काजव्यांच्या दिवसांत फार उपयोगी पडली. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा परिसरातल्या झाडांवर काजवे चमकतात. अंधार पडल्यावर दिवे, मोटारींचे झोत आणि मोबाइलचे उजेड यांचा त्या कीटकांना त्रास होतो, कारण चमकण्यातूनच नर आणि मादी एकमेकांना शोधतात. म्हणून आम्ही स्वयंपाक दिवस मावळण्याआधी उरकला, कुकर चादरीत ठेवला आणि काजवे पाहून परतल्यावर जवळजवळ अंधारातच गरम खिचडी खाल्ली. त्या गर्दीत रात्री नऊ वाजता प्रखर दिव्यांखाली बार्बेक्यू लावणाऱ्या मंडळींनी ही पद्धत अवश्य करून पाहावी.

आता शिध्याविषयी. मुंबईतल्या मराठी घरात भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, सुकी मासळी, कोकम, लसणाची चटणी यांपैकी काही ना काही असतेच, आणि हे सगळे पदार्थ बर्फाशिवाय आठवडाभर सहज टिकतात. कॅम्पवर नवीन आणि चवदार काही करण्याची सारी सामग्री त्यातच आहे. आमच्या घरी सर्वांत जास्त मागणी सोड्यांच्या खिचडीला असते. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. ती मासळी बाजारात सुक्या मासळीच्या कोळणीकडे मिळते, महाग असते, पण मूठभर सोडे चार माणसांच्या भाताला पुरतात. सोडे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून, स्वच्छ धुऊन हळद-मीठ लावून ठेवावेत. कुकरमध्ये तेलावर भरपूर लसूण आणि उभा चिरलेला कांदा लालसर परतावा, त्यात सोडे, मसाला, बटाट्याच्या फोडी आणि धुतलेला तांदूळ घालून दोन-तीन मिनिटे परतून गरम पाणी ओतावे. दोन शिट्ट्या पुरतात. वर ओले खोबरे आणि कोथिंबीर मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर किसलेले सुके खोबरे थोडे भाजून घातले तरी चव खुलते. भिजवण्याचे पाणी खारट असते म्हणून ते टाकून द्यावे आणि मीठ शेवटी चाखूनच घालावे. सोडे घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावेत, अन्यथा रात्रभर गावातली कुत्री तंबूभोवती फिरत राहतात.

दुसरा भरवशाचा पदार्थ कुळथाचे पिठले. लसूण, मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी करून त्यात पाणी आणि दोन-तीन आमसुले टाकायची, उकळी आली की गार पाण्यात कालवलेले पीठ सोडून ढवळत राहायचे. दहा मिनिटांत मऊ भाताबरोबर खायला जे तयार होते, ते थंडीच्या रात्री पोटाला जो आराम देते तो पाकिटातल्या कोणत्याही सूपने मिळत नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. उन्हाळ्यात सोलकढीसाठी तर शेगडीही लागत नाही. कोकमाचे आगळ आणि नारळाच्या दुधाची पावडर गार पाण्यात कालवून ठेचलेला लसूण आणि मिरची घातली की झाले. पावडरीची चव ताज्या नारळाच्या दुधाइतकी भरीव नसते, पण दुपारच्या उन्हात तंबू उभा केल्यानंतर ती पेलाभर घेतल्यावर कोणाची तक्रार राहत नाही.

भाजणीचे थालीपीठ बिडाच्या तव्यावर जसे होते तसे पातळ नॉनस्टिकवर होत नाही. बीड तापायला वेळ घेते पण तापल्यावर उष्णता धरून ठेवते, त्यामुळे वाऱ्याने ज्योत हलली तरी थालीपीठ कच्चे राहत नाही. थालीपिठापेक्षाही मला कॅम्पवर पानगी अधिक आवडू लागली आहे. अलिबागकडच्या वाड्यांत मालकांना विचारले की केळीचे पान सहज मिळते. तांदळाचे पीठ, थोडा गूळ, मीठ आणि किसलेला तवसा, म्हणजे मोठी काकडी, एकत्र कालवून ते पीठ पानाच्या तुकड्यावर थापायचे, वरून दुसरे पान ठेवायचे आणि दोन्ही बाजूंनी तव्यावर भाजायचे. पान करपत आले की पानगी तयार होते. तेल लागत नाही, तवा खराब होत नाही, घासायला भांडे उरत नाही आणि पानाचा हिरवट सुगंध पिठात उतरतो. मुलांना ही सगळी कृती स्वतः करता येते, हा तिचा आणखी एक गुण. याच पद्धतीने हिरवे वाटण लावलेले माशाचे तुकडेही पानात गुंडाळून भाजता येतात. पालघर किनाऱ्यावर सातपाटीसारख्या बंदरांतून ताजे पापलेट मिळते. या माशाला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केले, ते त्याच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधण्यासाठी. म्हणून तळहाताएवढी पिल्ले स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नयेत.

रायगडची पोपटी हा या सर्व स्वयंपाकातला मला सर्वांत प्रिय प्रकार आहे आणि या संचाची मर्यादाही तिथेच दिसून येते. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, रोहा भागांतल्या शेतांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या सुवासिक रानवनस्पतीचा पाला घालून त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे रचतात, तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही आत घालत नाहीत. सगळे काही शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर वाफेत शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारून अंदाज घेतात आणि मडके फोडण्याऐवजी अलगद ओतून घेतात. आम्ही ही पोपटी एका शेतकरी काकांच्या शेतात, त्यांच्याच देखरेखीखाली लावली. पुढे तीच सामग्री शेगडीवर बिडाच्या कढईत, झाकणाची फट कणकेने बंद करून मंद आचेवर करून पाहिली. शेंगा उत्तम शिजल्या, ओव्याचा आणि पाल्याचा वासही उतरला, पण मातीचा आणि धुराचा जो गंध शेतातल्या पोपटीला येतो तो आला नाही. गॅसवरची पोपटी चांगली वाफवलेली शेंग म्हणून खावी. खऱ्या पोपटीसाठी थंडीत रायगडलाच जावे आणि ज्याचे शेत आहे त्याच्याकडून शिकावे.

उघडी आग कुठे लावायची याबाबत मी अतिशय आग्रही आहे. रतनगड, सांदण दरी, हरिश्चंद्रगड हा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात वणवा लागण्याचा धोका होईल अशी आग पेटवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीनंतर तिथले गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगीही पुरते. गॅसची शेगडी सपाट, गवत नसलेल्या जागी आणि जेथे परवानगी असेल तेथेच लावावी. पाऊस आला म्हणून ती तंबूच्या आत घेणे हा तर जिवावरचा धोका आहे, कारण बंद जागेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आम्ही चारही बाजू उघड्या असलेल्या ताडपत्रीखाली शिजवतो, नाहीतर भडंग आणि दशम्या खाऊन झोपतो. भांडी जलाशयात किंवा ओढ्यात घासू नयेत. इगतपुरीजवळच्या ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईला पुरवठा करणाऱ्या सात तलावांपैकी एकाचे आहे, म्हणजे तिथे सोडलेला साबणाचा फेस आपल्याच नळाच्या वाटेवर असतो. आम्ही भांडी आधी कागदाने पुसतो आणि बादलीत पाणी घेऊन काठापासून बरेच दूर धुतो.

इतक्या महिन्यांनंतर संचाची अवस्था अशी आहे. शेगडीचे बटण फिरवल्यावर ठिणगी पाडणारी यंत्रणा किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने मंदावली असून आता लायटर जवळ ठेवावाच लागतो. कप्प्याच्या बिजागरीवर गंज चढला आहे आणि बर्नरच्या छिद्रांत वाळू अडकते, ती प्रत्येक वेळी कोरड्या ब्रशने झाडावी लागते. ज्योत मात्र अजून निळी आणि स्थिर आहे. बिडाच्या तव्याला मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून धुतल्यावर लगेच शेगडीवर कोरडा करून तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा. कुकरची रिंग उन्हाळ्यात मोटारीत राहिल्याने कडक झाली आणि वाफ बाजूने निघू लागली होती. नवी रिंग कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, तरी एक जास्तीची सामानात असलीच पाहिजे, कारण भंडारदऱ्यात रात्री आठ वाजता ती शोधणे शक्य नसते.

घेण्याचा विचार असेल तर माणसांचा हिशेब आधी करावा. दोघा-तिघांना दोन लिटरचा कुकर आणि ही शेगडी पुरेशी आहे. पाच-सहा जण असतील तर तीन लिटरचा कुकर घ्यावा आणि भात व वरण एकदम लावता येईल असे आतले डबे त्यात बसतात का हे दुकानातच पाहावे. आठ-दहा जणांच्या गटाला ही शेगडी अपुरी पडते. त्यांनी पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि वेगळा भक्कम बर्नर घेणे योग्य ठरेल. शेगडी घेताना कॅन अडकवण्याची दांडी दुकानातच दोन-चार वेळा वर-खाली करून पाहावी. ती सैल वाटली तर दुसरी मागावी, कारण याच जागेतून गॅस गळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.